सायकलने या, मग बघू!

त्याचं असं झालं. दिवाळीनंतर पोलादपूर तालुक्यात उमरठच्या बाजूला एका वाडीवर आमच्या बचत गटाची बैठक होती. उमरठ म्हणजे नरवीर तानाजी मालुसऱ्यांचं गाव. बैठक संपता संपता मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला. खोटं कशाला सांगू, मीच काढला. गटातल्या एकीची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पोलादपूरला अकरावीत नाव घातलं आणि दोन महिन्यांत घरी बसली. कारण काय, तर एसटी. आता बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची योजनाच आहे ती. पण फुकट पास वापरायला आधी एसटी जिथे मिळते तिथे तरी पोचायला हवं ना! वाडीवर सकाळची गाडी आली तर आली. नाहीतर फाट्यापर्यंत सहा किलोमीटर पायी, आणि संध्याकाळी तेच सहा परत, अंधारात.

मी लगेच म्हटलं, "मग सायकल घेऊन द्या की तिला!" आणि सुरूच झाले. बिहारमध्ये २००६ साली सरकारने नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली, हे अभ्यासकांनी मोजून दाखवलंय. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत शेतमजूर आणि दगडखाणीत राबणाऱ्या बायका हजारोंनी सायकल शिकल्या. सगळ्या जणी ऐकत होत्या. मलाही जरा बरं वाटत होतं. शेवटी त्या मुलीची आई म्हणाली, "ताई, बिहार सपाट आसंल ना?"

"हो, सपाटच," मी म्हटलं.

"मंग! आमचा रस्ता बगलात ना तुमी? तुमी तर जीपनं येता. एकदा महाडास्नं सायकलीनं या, मग बघू."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण परत येताना जीपमध्ये मी प्रत्येक चढ मोजत बसले होते.

मी छेचाळीस वर्षांची. शेवटची सायकल चालवली ती बी.ए.ला असताना, लेडीज हर्क्युलिस. घरी आल्यावर रात्री जेवताना सांगितलं, तर ह्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "अगं, गुडघे तुझे, रस्ता महामार्गाचा आणि अक्कल कुणाची?" मुलगी मात्र खूश. तिने लगेच मोबाइलवर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे फोटो दाखवले. २०१८ साली विशीतल्या या मुलीने १५९ दिवसांत सायकलवर जगाला वळसा घातला. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण वाळवंट कसं पार करायचं यापेक्षा सकाळी दूध कोण तापवणार, हा माझा प्रश्न होता.

सायकल घरातच होती. मुलासाठी घेतलेली गिअरची, पुढे तीन चकत्या, मागे सहा. पण २०२१ च्या २२ जुलैला महाडात पूर आला तेव्हा ती तळमजल्यावर होती. आमच्याकडे पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल राहिला. फ्रीज गेला, कपाटं गेली, माझी कॉलेजातली पुस्तकं गेली. सायकल धुऊन जिन्याखाली ठेवली ती तशीच. मेकॅनिककडे नेली तर त्याने चाक फिरवून नुसतं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "वहिनी, आत अजून सावित्री आहे." पूर्ण ओव्हरऑइल करायला लागली. छर्रे बदलले, चेन बदलली, दोन्ही ब्रेकच्या तारा नव्या टाकल्या, मागच्या चाकाचा आउट काढला. टायरही दोन्ही नवे, कारण रबर चिरलं होतं. माझ्या हातावर त्याचं बिल आलं तेव्हा कळलं की या मोहिमेला आता माघार नाही.

बरोबर कोण? बघता बघता चौघी झालो. मी, माझी धाकटी जाऊ, एक अंगणवाडी सेविका आणि एक पिग्मी एजंट. ही एजंट बाई एक्कावन्न वर्षांची, पण चौघींत सगळ्यात दमदार तीच, कारण ती पंधरा वर्षं महाडच्या गल्ल्यांतून दारोदार फिरतेय. तिची आणि सेविकेची सायकल साधी, बिनगिअरची. मेकॅनिकने त्यांची मागची फ्रीव्हील काढून जास्त दात्यांची टाकून दिली. सपाटीवर पाय भराभर मारावे लागतात, पण चढावर जीव वाचतो.

पुण्याचा माझा भाचा लांब पल्ल्याच्या सायकल सफरी करतो. त्यांच्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असा नियम असतो म्हणे. आमचा रस्ता असा: महाडहून महामार्गाने पोलादपूर, तिथून महाबळेश्वरची वाट धरायची आणि आंबेनळी घाट सुरू व्हायच्या आधीच उमरठकडे आत वळायचं. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या घरात. मला वाटलं, तो हसेल. तो म्हणाला, "मावशी, किलोमीटर नको सांगू, चढ सांग."

ही गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे. भरतीचं पाणी बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत शिरतं ते आमच्यापर्यंत जाणवतं. आणि महाबळेश्वर १,३७२ मीटरवर, पोलादपूरहून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर. आमची वाडी मधेच कुठेतरी. पण तिथपर्यंतचा रस्ता शहाण्यासारखा सरळ चढत नाही. चढतो, वहाळापर्यंत उतरतो, साकवावरून जातो आणि पुन्हा चढतो. म्हणजे येतानाही चढ आहेतच! "गेलो की परत नुसतं उतरायचं" हा माझा हिशेब भाच्याने फोनवर पाच मिनिटांत खोडून काढला. मोबाइलच्या नकाशात रस्त्याचा उंचसखलपणा कसा बघायचा तेही त्यानेच शिकवलं. ती रेघ बघितली आणि आठवली आमच्या गटाच्या कर्जफेडीची वही. तीही अशीच वरखाली.

मग ठरलं, आधी तालीम करायची. पहिल्या रविवारी दासगाव. जेमतेम आठ किलोमीटर, वाटेत गांधारपाल्याची लेणी डोंगरावर दिसतात. दासगावला पूर्वी बंदर होतं. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीने इथेच उतरले आणि महाडपर्यंत पायी चालत आले. परिषद संपल्यावर त्यांनी मुद्दाम बायकांसमोर वेगळं भाषण केलं, आणि मुलींनाही शिकवा हे त्यात होतं. मी इतिहास शिकलेली, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. जाऊबाई धापा टाकत म्हणाली, "वहिनी, ते चालत गेले ना? मग आपण पण उतरूया जरा."

दुसरी तालीम पाचाडची, आणि ती मला चांगलीच नडली. नात्यावरून कोंझरपर्यंत ठीक होतं, पुढे घाटाचा चढ लागला आणि माझ्या पोटरीत असा गोळा आला की रस्त्याच्या कडेलाच बसले. सकाळपासून पोटात फक्त चहा! घरातल्या सगळ्यांना खायला घालून आपण तसंच निघायचं ही आपली सवय. पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी बसून चौघींनी तिथे मिळाली तेवढी केळी संपवली. आणि परत येताना उतारावर मी भीतीने दोन्ही ब्रेक आवळूनच धरले. बोटं बधिर झाली, वळणावर ती वळलीच नाहीत, आणि मी कडेच्या मातीत. गुडघा सोलला, पंजाबी ड्रेस फाटला. नंतर भाच्याने सांगितलं, ब्रेक दाबून ठेवायचा नसतो, दाबायचा आणि सोडायचा. सतत दाबला तर रिम तापते आणि हात मरतो. आणि पुढचा ब्रेक एकटा, जोरात, कधीही नाही. हे सगळं त्याने आधी का नाही सांगितलं म्हणून मी त्याच्यावरच चिडले.

त्या दिवसानंतर आमचं नियोजन खऱ्या अर्थाने सुरू झालं. खाणं ठरलं, दर तासाला काहीतरी, भूक असो वा नसो. शेंगदाण्याची चिक्की, केळी, नाचणीची भाकरी, खजूर आणि बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत. ओढणी रद्द, कारण चेनमध्ये अडकते. सलवारीच्या पायाला रबर. डोक्याला हेल्मेट, जे घालून चौघी आरशासमोर उभ्या राहिलो तर सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या.

तारीख ठरवायला आठ दिवस लागले. शनिवार-रविवार नको, मुंबईच्या गाड्या गोव्याकडे सुटलेल्या असतात. डिसेंबरचा शेवट तर मुळीच नको. चौघींच्या पाळीच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या. मग जावेच्या मुलाची चाचणी परीक्षा, सेविकेचं पोषण आहाराचं वाटप, एजंट बाईंचा महिनाअखेरचा भरणा. शेवटी जानेवारीतला एक बुधवार निघाला. जानेवारीत आमच्याकडे उजाडायला सात वाजतात आणि सव्वासहाच्या सुमाराला सूर्य डोंगराआड जातो. म्हणजे हाताशी अकरा तास. महामार्गावर अंधारात जायचं नाही हे पक्कं. पावणेसातला निघायचं, साडेआठला पोलादपूर, बाराच्या आत वाडी, दीडला परत. आणि एक नियम कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला: साडेबारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, वाडी समोर दिसत असली तरी.

आणखी एक यादी होती, जी कुठल्याही सायकलच्या पुस्तकात सापडायची नाही. बाथरूमची. महामार्गावर पेट्रोल पंप आहे, पण पुढे आत काय? पुरुष कुठेही गाडी थांबवतात. आम्ही बचत गटाच्या वहीतून वाटेवरच्या पाच घरांची नावं काढली, फोन केले. "बाई, त्यात काय विचारायचं, चहालाच या," असं प्रत्येकीने सांगितलं. मग काळजी अशी की पाच घरी चहा घेतला तर वाडीवर पोचायचो कधी?

घरात वाद झाला तो एकाच गोष्टीवरून. ह्यांचं म्हणणं, मागून मी व्हॅन घेऊन येतो. "आंबेनळीचा रस्ता आहे, चेष्टा नाही," असं म्हणाले, आणि त्यात काही चुकीचंही नव्हतं. २८ जुलै २०१८ ला याच रस्त्यावर, वर घाटात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि बसमधला एकच जण वाचला. आमच्या भागात हे कुणी विसरलेलं नाही. पण मला व्हॅन नको होती. त्या आईने मागून गाडी घेऊन या असं म्हटलं नव्हतं. तिच्या मुलीच्या मागून रोज कोण व्हॅन नेणार आहे? दोन दिवस घरात अबोला. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला, "तू पोलादपुरात बसून राहा रे. फोन आला तर जा, नाही आला तर वडापाव खा." आणि मला म्हणाल्या, "डबा मी करते. पण संध्याकाळी दिवेलागणीला दारात दिसली पाहिजेस." सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. गेल्या दहा वर्षांत त्यांनी पूर्ण स्वयंपाक केला नव्हता.

आदल्या रात्री जावेचा गुडघा सुजला. ती रडली, खरंच. तिच्या पिशवीतला पंप आणि पंक्चरचं सामान माझ्या कॅरिअरला आलं आणि आम्ही तिघी राहिलो.

प्रत्यक्ष प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो आमच्या कागदाप्रमाणे झालाच नाही. महाड सोडलं की सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या त्याबरोबर गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये सुरूही झाला. गाडीतून जाताना हा पूल कधी संपतो कळत नाही. सायकलवरून खालचं पाणी दिसत राहतं. थंडीतली सावित्री इतकी शांत, की हिनेच ते केलं असेल यावर विश्वास बसू नये. तिघींपैकी कुणीही पुलावर बोललं नाही.

पोलादपूरपर्यंत ट्रकवाल्यांनी छान सांभाळून घेतलं, एका मोटारीने मात्र मुद्दाम अंगावर घालून हॉर्न वाजवला. पोलादपुरात पोहे झाले. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी या गावात आहे, ती बघायची राहिली ती राहिलीच. पुढे सेविकेचं मागचं चाक पंक्चर. पंक्चर काढायचं आम्ही घरी तीनदा शिकलो होतो, रस्त्यावर मात्र ट्यूबला भोक कुठे आहे तेच सापडेना. पाणी ओतायला बाटली काढली तर त्यात कोकम सरबत! एका शेतकऱ्याने बादली आणून दिली. पाऊण तास गेला. आत वळल्यावरचे चढ मी सगळ्यात छोट्या गिअरवर, खाली मान घालून, एकेक झाड ठरवून चढले. या झाडापर्यंत, मग त्या झाडापर्यंत. शेवटचा चढ मात्र तिघींनाही जमला नाही. उतरलो आणि ढकलत नेल्या.

वाडीवर पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेबाराला दहा कमी!

ती दारात उभी होती. बायका जमल्या, पाणी आलं, गूळ आला. तिने सगळ्यात आधी विचारलं, "चढलात?"

"तो शेवटचा ढकलत आणली," मी सांगितलं.

"दिसलं मला हितनं," ती म्हणाली. मग सायकलीभोवती एक फेरी मारली, ब्रेक दाबून बघितला, चाकाला लागलेली माती पुसली. तिची मुलगी एव्हाना एजंट बाईंची सायकल घेऊन वाडीच्या देवळापर्यंत जाऊनही आली होती. कुठे शिकली विचारलं तर म्हणाली, "शाळेत, मैत्रिणीची होती."

मी मनात म्हटलं, झालं काम. तेवढ्यात आई म्हणाली, "आन जून लागला का मंग?"

मी गप्प. तीन महिने आम्ही तारखा, गिअर, डबे, बाथरूम, सगळं ठरवलं, पण जानेवारीतल्या एका बुधवारचं. हिला वर्षाचं ठरवायचं होतं. इथे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. साकवावरून पाणी जातं, रस्त्यावर माती येते. २०२१ च्या जुलैत ज्या पावसात महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, त्याच पावसात पोलादपुरातल्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही डोंगर आला. साखर काही इथून लांब नाही. अशा दिवसांत सायकल काय, माणूसही घराबाहेर पडायला घाबरतं. आणि अकरावीत परत नाव घालायचं तर ते जूनमध्येच, म्हणजे सुरुवातच पावसाने.

"माझी भन हाय पोलादपुरात," तीच मग म्हणाली. हे तिने कधीपासून मनात ठेवलं होतं कोण जाणे. "पावसाचं चार म्हयने ऱ्हाईल तिच्याकडं. दसऱ्यापास्नं इकडं. तवा सायकल लागंल, फाट्यापोतर. पन बिनगिअरची नको. पोरीचं पाय ऱ्हात न्हाईत चढावर, मी तुमाला बगितलं ना आता."

गिअरच्या सायकलची किंमत ऐकून ती जरा थांबली. गटातून अंतर्गत कर्ज काढायचं तर हप्ता किती पडेल याचा हिशेब तिथेच अंगणात सुरू झाला. सचिव बाईने वही आणली. तिसऱ्या एकीने विचारलं, तिची मुलगी यंदा नववीत आहे, मग दोन घेतल्या तर दुकानदार काही कमी करेल का? एजंट बाई म्हणाल्या, ते माझ्यावर सोडा.

या सगळ्यात दोन वाजले. दीडचा आमचा नियम केव्हाच मोडला होता. निघताना मुलगी त्या शेवटच्या चढाच्या टोकापर्यंत माझी सायकल हातात धरून चालत आली आणि पुढच्या तीन चकत्यांपैकी चेन कधी कुठल्या चकतीवर टाकायची हे विचारत राहिली. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. महाडच्या पुलावर आलो तेव्हा समोरच्या गाड्यांचे दिवे लागले होते. सासूबाई दारात उभ्याच होत्या.